बगळेरावाची मान

९ जानेवारी

आत्या,

तुझं मागचं पत्र येऊन कधीचं पडलंय आणि मी उत्तर दिलं नाही, म्हणून आधी कान धरते. फोन करून मोकळी झाले असते, पण तू म्हणणार, ‘तीस वर्षं टेलिफोन ऑफिसात बसून दुनियेचे फोन जोडले, आता माझ्या कानाला काही लावणार नाही.’ तेव्हा घे, कागद.

कारणही तसंच आहे. आमची ती मुलांची कार्टून मालिका चालली! नुसती चालली नाही, धावत सुटलीये. तळ्यातल्या मासोळ्यांची टोळी आणि त्यांना खायला टपलेला बगळा, अशी साधी गोष्ट. मासोळ्या दुसऱ्यांनी काढल्यात, बगळा माझा. बगळेराव. आणि लोकांना आवडला कोण, तर बगळेराव! तो दुष्ट आहे, पण फार शिष्टाचाराचा. मासोळीवर झडप घालण्याआधी तो मान लांब करतो, डोळे मिटतो, आपलं एक ठरलेलं वाक्य बोलतो, आणि तेवढ्यात मासोळी पसार. दर भागात हेच. वाक्य इथे लिहीत नाही, कागदावर त्याची मजा नाही.

कॉलेजात आम्ही ‘लोकप्रिय’ या शब्दाला किती नाकं मुरडायचो तुला माहीत आहे. जे सगळ्यांना आवडतं त्यात काहीतरी खोट असणारच, हे आमचं ठाम मत. कॅन्टीनमध्ये बसून आम्ही अशी दहा-दहा मतं रोज बनवत असू. परवा बसमध्ये पुढच्या सीटवर दोन शाळकरी मुली बगळेरावाची नक्कल करत होत्या. एकीने मान ताणली, दुसरी हसून हसून सीटखाली. मला उठून सांगावंसं वाटलं, ‘अगं, हा माझा!’ मोठ्या चित्रकारांची चित्रं भिंतीवर असतात आणि लोक त्यांच्यासमोर हळू आवाजात बोलतात. माझं चित्र लोकांच्या तोंडात आहे. यात कमीपणा कसला, तूच सांग.

आमचे दिग्दर्शक म्हणतात, लोकांना नवं नको असतं, आधी कुठेतरी भेटल्यासारखं वाटणारं नवं हवं असतं. आणि गंमत एकदा ऐकून कुणी हसत नाही. सातव्यांदा ऐकताना माणूस ऐकण्याआधीच हसायला लागतो. मी यावर बराच विचार करते हल्ली. म्हणजे लोक गमतीला हसतात, की आपण सगळे मिळून हसतोय याला?

बाबांना एवढ्यात काही सांगू नकोस. मीच येऊन दाखवीन. चष्म्याच्या दुकानातून दमून येतात, त्यांना कुठे असल्या गोष्टींत रस.

तुझी,
रेघोटी


२ फेब्रुवारी

रेघोटे,

पत्र मिळालं. आनंद झाला, पण बगळाच का गं? मोर-पोपट सगळे सुटीवर होते का? असो. लहानपणी भिंती रंगवून माझा मार खाल्लास, त्याचं चीज झालं म्हणायचं. मी कार्टून बघत नाही, माझ्या शेजारणीच्या नातीने पाठीवर बगळ्याचं दप्तर लावलेलं पाहिलं. ते तुझंच असेल. दप्तर झकास आहे.

आता मुद्द्याचं. तुझ्या बापाचं काहीतरी बिनसलंय. गेला महिना-दीड महिना तो घरात बोलत नाही. मी विचारलं तर मान हलवतो. भाजीवाल्याशी बोटाने व्यवहार. संध्याकाळी बागेत त्याच्या मित्रांच्या बाकावर जायचा, ते बंद. परवा खालच्या मजल्यावरच्या पोराने त्याला ‘काका, काका’ म्हणून हाक मारली, तर हा तोंडावर रुमाल धरून भराभर जिना चढून आला.

मला वाटतं, कवळीचा घोटाळा आहे. दिवाणखान्यात एकटा असला की तोंडात काहीतरी चावल्यासारखं करतो. नवी कवळी बसवली तेव्हाच मी म्हटलं होतं, तो डॉक्टर फार घाईचा आहे.

पण एक गोष्ट मनाला लागून राहिलीये. तुझ्या बाबाचं ते ‘म्हणजे कसं, असं बघा’ ऐकूच येईनासं झालंय. तू त्याला नेहमी चिडवायचीस ना, की बाबा पाणी मागतानाही भाषण सुरू करतात? तुला कधी सांगितलं नाही, सांगायचं कारण पडलं नाही. तो लहानपणी अडखळायचा. थोडंथोडकं नाही. एकेका शब्दावर डोळे घट्ट मिटायचा, मान ताणायचा, घशात घास अडकल्यासारखा. शाळेत पोरं त्याला खेळायला घ्यायची ती फक्त बोलायला लावायला. दुकानात काही आणायचं तर मी पुढे, तो माझ्या मागे. त्याची सगळी वाक्यं मीच पुरी करायची. मग शाळेत गाण्याच्या बाई होत्या, त्यांनी त्याला एक युक्ती दिली. म्हणाल्या, ‘लांब उडी मारायच्या आधी धावत येतोस ना? तसं अवघड शब्दाआधी चार सोपे शब्द धावत ये.’ पोराने गच्चीवर जाऊन महिनोन्‌महिने ते चार शब्द घोटले. त्या चार शब्दांवर त्याने नोकरी मिळवली, लग्न केलं, आयुष्यभर गिऱ्हाइकांना चष्मे विकले. तुझ्या आईलासुद्धा लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी कळलं.

आता तेच शब्द का टाकून दिले असतील त्याने? कवळीने शब्द बोचत असतील का? तू शिकलेली आहेस, तुला काय वाटतं ते लिही. आणि लवकर लिही.

आत्या


२७ फेब्रुवारी

आत्या,

उत्तराला उशीर झाला. काम फार आहे, नव्या भागांची घाई.

बाबांचं वाचलं. मला वाटतं कवळीचंच असेल. नव्या कवळीने होतं असं, माझ्या मैत्रिणीच्या आजोबांचं झालं होतं. दुसऱ्या डॉक्टरांना दाखव. फार प्रश्न विचारू नकोस त्यांना, आपोआप ठीक होतील.

ते अडखळायचे हे मला खरंच माहीत नव्हतं. खरंच नव्हतं.

बाबांसाठी मऊ लोकरीचा मफलर पाठवतेय. तुझ्यासाठीही एक काढून ठेवलाय, पुढच्या वेळी पाठवीन.

रेघोटी


१८ मार्च

काय म्हणून हाक मारू ते सुचत नाही, म्हणून तशीच सुरुवात करते.

तुझ्या पत्राप्रमाणे मी तुझ्या बापाला दुसऱ्या डॉक्टरकडे नेलं. त्याने कवळी घासली. परत नेलं, परत घासली. तुझा बाप गरीब गाईसारखा तोंड उघडून बसला. एका शब्दाने म्हणाला नाही की ताई, दुखत नाहीये मला.

काल माझ्या चष्म्याची दांडी निखळली म्हणून मी त्याला न सांगता त्याच्या दुकानात गेले. काउंटरवर एक नवाच मुलगा. मी म्हटलं, आमचा भाऊ कुठाय? मालक बाहेर आले. म्हणाले, ‘त्यांनी स्वतःहून मागच्या खोलीत काम मागून घेतलंय. काचा घासायच्या मशीनवर बसतात हल्ली. आम्हाला बरं नाही वाटत हो, त्यांच्यासारखा नंबर तपासणारा माणूस नाही. पण काय करणार, पोरं फार हसतात.’

मी विचारलं, पोरं का हसतात?

त्यांनी भिंतीवरच्या टीव्हीकडे बोट केलं. नंबर काढताना लहान मुलांनी इकडे-तिकडे बघू नये म्हणून त्यांनी तो लावलाय. मी तपासणीच्या त्या उंच खुर्चीत बसले होते. पडद्यावर तुझा बगळा आला. त्याने मान ताणली. डोळे घट्ट मिटले. आणि म्हणाला, ‘म्हणजे कसं, असं बघा.’ शेजारी बाकावर एक पोरगी आईच्या मांडीवर होती, ती टाळ्या पिटायला लागली.

मला तिथे बगळा दिसला नाही गं. मला शाळेच्या फाटकाशी उभा असलेला, आठ वर्षांचा माझा भाऊ दिसला. ती मान मी ओळखते. तिच्यासाठी मी पोरांशी मारामाऱ्या केल्यात.

मी मागच्या खोलीत गेले नाही. दांडी तशीच हातात घेऊन घरी आले.

आता सांग. फेब्रुवारीत तुला मी सगळं लिहिलं होतं, तो अडखळायचा, ती युक्ती, सगळं. ते वाचून झाल्यावर तू बसून लिहिलंस, ‘कवळीचंच असेल’. लिहिताना हात कसा चालला तुझा?

मफलर परत पाठवत नाही, कारण तो त्याने गळ्यात घातलाय. त्याला आवडलाय. मला ते बघवत नाही.

आत्या


२५ मार्च

आत्या,

हात चालला. त्याचीच मला लाज वाटते. ‘कवळी’ लिहिताना मी शब्द सुवाच्य यावा म्हणून काळजीही घेतली होती.

खरं तेच लिहिते आता. बगळेराव बाबांवरूनच काढला. मुद्दाम. दिग्दर्शकांना खलनायक हवा होता, पण भीती वाटणार नाही असा. मी घरच्या सवयीप्रमाणे बाबांची नक्कल करून दाखवली, तीच मान, तेच डोळे, तेच शब्द. सगळा स्टुडिओ हसला. मी आधी काही महिने त्यांना माझी स्वतःची चित्रं दाखवत होते, तेव्हा कुणी मान वर करून बघितलं नव्हतं. आत्या, एवढी माणसं एकदम माझ्याकडे बघून हसली ना, त्या क्षणी मला दुसरं काही दिसलंच नाही. बाबांना कळेल, वाईट वाटेल, असा विचार आला होता. मी त्याला म्हटलं, बाबांना विनोद कळतो.

तुझं फेब्रुवारीचं पत्र मी ऑफिसच्या जिन्यात वाचलं. वाचून झाल्यावर वर गेले आणि त्या दिवशीचा भाग पुरा केला. त्यात बगळेराव ते वाक्य सहा वेळा बोलतो. मला ‘नाही’ म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही.

तुझं हे पत्र आल्यावर मात्र दिग्दर्शकांकडे गेले. म्हटलं, ते वाक्य काढून टाकू या. ते म्हणाले, ‘कशासाठी? तेच तर चालतंय.’ मी कारण सांगितलं. ते वाईट माणूस नाहीत, त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘हे बघ, आता ते तुझ्या वडिलांचं राहिलेलं नाही. तुझंही नाही. लोकांचं झालंय.’ दप्तरांवर छापलंय, डब्यांवर छापलंय. कुणीतरी लग्नाच्या आमंत्रणावर छापलंय म्हणे. मी म्हटलं, मग मी बगळा काढणार नाही. ते म्हणाले, बरं. माझ्या शेजारच्या टेबलावरच्या मुलाने दुपारच्या चहापर्यंत तो हुबेहूब काढला. माझ्यापेक्षा सफाईने.

मी मोठमोठ्या गप्पा मारायचे ना, कला लोकांची व्हायला हवी, चित्र भिंतीवरून उतरून तोंडात यायला हवं. आलं. आता कळतंय, लोकप्रिय म्हणजे ज्याला धनी उरत नाही ते. परत मागायला जावं असा कुणाचा दरवाजाच नसतो. आणि ते माझं नव्हतंच पहिल्यापासून. एका माणसाने गच्चीवर घोटून घोटून मिळवलेले चार शब्द मी उचलले आणि वाटून टाकले. आता जो तो ते वापरतो, फक्त त्यांनाच वापरता येत नाहीत.

स्टुडिओतली एक मैत्रीण म्हणते, कलावंताने घरातूनच उचलायचं असतं, सगळे तेच करतात. असेल. मला तिचं म्हणणं दोन दिवस फार बरं वाटलं. मग तसं वाटण्याचीच चीड आली.

बाबांना वेगळं पत्र टाकलंय. चार वेळा फाडलं. जे उरलं त्यात ‘माझं चुकलं’ याखेरीज फारसं काही नाही. तू त्यांच्या हातात दे. किंवा देऊ नकोस. तू ठरव.

तुझी म्हणवून घ्यायला हरकत नसेल तर,
रेघोटी


१० एप्रिल

चि. रेघोटीस,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र ताईने दिलं. देताना ती रडत होती, म्हणून आधी मला वाटलं कुणी गेलं की काय.

तुला माझ्याकडून एवढं लांब पत्र पहिल्यांदाच येत असेल. कागदावर मी अडखळत नाही. खरं तर तरुणपणी मी तुझ्या आईला पत्रंच लिहायचो, एका गावात राहत असूनही. तिला वाटे, काय रसिक माणूस आहे!

तुझा बगळा मी पहिल्याच आठवड्यात पाहिला. दुकानात टीव्ही आहे. एका मुलाच्या डोळ्यांवर चाचणीची फ्रेम लावत होतो, आणि मागून माझाच आवाज आला. वळून बघितलं. खोटं कशाला बोलू, आधी मला हसूच आलं. चित्र फार छान उतरलंय. मानेचा तो बाक काढणं सोपं नाही, मला चित्रातलं कळत नसलं तरी एवढं कळतं. लगेच ओळखलं की हे आमच्या पोरीचं काम. मालकांना सांगणारही होतो, अभिमानाने. तोंड उघडलं, नेहमीसारखी सुरुवात केली, आणि तो मुलगा चाचणीच्या फ्रेममधून माझ्याकडे बघून ओरडला, ‘बगळेराव!’

त्यानंतर त्या शब्दांचं काहीतरी झालं. ओठांवर येतात, पण आता त्यांना हसू चिकटलेलं असतं. त्यांच्यावर पाय ठेवून पुढे जाता येत नाही. आणि त्यांच्याशिवाय तर मला कधीच जाता आलं नव्हतं. म्हणून मागच्या खोलीत बसतो. मशीनचा आवाज मोठा आहे, तिथे कुणीच बोलत नाही. काम चांगलं आहे. काचेची कड हाताला गुळगुळीत लागली की बरं वाटतं. काळजी करू नकोस.

मला राग आलेला नाही. तू मुद्दाम दुखवायला केलं नाहीस हे मला माहीत आहे. तू लहान होतीस तेव्हापासून जे दिसेल ते काढायचीस.

एकच विचारायचं होतं. परीक्षा घेत नाहीये, खरोखर जाणून घ्यायचंय. ते चार शब्द झाल्यावर मी पुढे काय बोलायचो, त्यातलं तुला काही आठवतं का? एवढी वर्षं मी इतकं बोललो. कुणाच्या लक्षात पुढचं राहिलं असेल का, असं हल्ली मशीनवर बसलं की मनात येतं.

महिनाअखेरीस ताई तिच्या मुलाकडे राहायला जातेय, गुडघ्याचं ऑपरेशन आहे. घरी मी एकटाच आहे. तुला रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तरी हरकत नाही.

तुझा,
बाबा


३ मे

आत्या,

गुडघा कसा आहे? ऑपरेशन नीट झाल्याचं तुझ्या लेकाकडून, दादाकडून कळलं. व्यायाम करायचा कंटाळा करतेस हेही कळलं.

मी घरी येऊन आठवडा झाला. तुझ्या खोलीत झोपते. तुझ्या कपाटाला हात लावलेला नाही, शपथ.

प्रवासात पूर्ण वेळ मी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर शोधत होते. त्यांची मान डोळ्यांपुढे येते, हातवारे येतात, आवाज येतो, पुढचं वाक्य येत नाही. चित्रकार म्हणून मिरवते आणि स्वतःच्या बापाचा आवाज तेवढा बंद करून ठेवलेला. शेवटी एकच वाक्य सापडलं. आई गेली त्या दिवशीचं. मी दवाखान्याच्या बाकावर बसले होते. बाबा आतून आले, माझ्यासमोर उभे राहिले, मान ताणली, डोळे मिटले, ‘म्हणजे कसं, असं बघा,’ म्हणाले, आणि मग म्हणाले, ‘आता आपण दोघंच.’

आणि आत्या, बगळ्याची मान तीच आहे. मी काढताना मला तो दिवस आठवत नव्हता, शप्पथ सांगते. पण हाताला आठवत होता. तो बाक मी तिथूनच उचलला. त्यावर देशभरातली मुलं हसतायत.

आल्याबरोबर मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मान डोलावली आणि चहा टाकायला गेले. मला वाटलं होतं, सांगितलं की काहीतरी होईल. ते रडतील, मी रडेन, मोकळं होईल. काही झालं नाही. चहा झाला, आम्ही प्यायलो.

मग चार-पाच दिवस अशीच शांतता. मी भाजी निवडायची, ते पेपर वाचायचे. मी स्टुडिओचं काम सोडल्याचं सांगितलं, तेव्हा त्यांनी एका कागदावर लिहिलं, ‘सोडायला नको होतंस.’ शेजारी बसलेल्या माणसाने चिठ्ठी सरकवावी! मी ती घडी घालून परत दिली. म्हटलं, ‘बाबा, बोला ना.’ ते हसले फक्त. ते समजूतदार हसू मला मारण्यापेक्षा जास्त लागतं.

काल संध्याकाळी जेवायला बसलो होतो. ते काहीतरी सांगायला लागले, स्वतःहून. ते चार शब्द नाहीत, कसलीच धाव नाही, एकदम शब्दालाच हात घातला. ‘आज दु… दु…’ आणि अडकले. डोळे मिटले. मान ताणली गेली. मला ते सहन होईना. मला त्यांना मदत करायची होती, देवाशपथ. मी म्हटलं, ‘दुकानात?’

त्यांनी ताटावर एवढ्या जोरात हात आपटला की वाटी खाली गेली.

‘थ… थ… थांब!’ म्हणाले.

मग ते माझ्यावर ओरडले. आत्या, बाबा माझ्यावर आयुष्यात कधी ओरडले नव्हते. मला वाटायचं त्यांचा स्वभावच शांत. काल कळलं, रागावलं की त्यांचे शब्द सगळ्यात जास्त अडकतात, म्हणून त्यांनी स्वतःला कधी रागावूच दिलं नाही. काल मात्र थांबले नाहीत. एकेक शब्द ओढून काढत होते. घाम आला होता. म्हणाले, ‘वाक्य माझं आहे. मला संपवू दे. लहानपणी ताई संपवायची. मग तू माझ्या शब्दांचं कार्टून केलंस. मला कुणीच माझं वाक्य संपवू देत नाही.’ म्हणाले, ‘राग आला नाही असं मी लिहिलं ते खोटं होतं. मला फार राग आलाय. तू मला विचारलं नाहीस. एकदा विचारायचं होतंस. मी कदाचित हो म्हटलं असतं.’

हे तुला मी चार ओळींत लिहिलं. त्यांना ते म्हणायला फार वेळ लागला. ताटातलं सगळं निवून गेलं. मी मध्ये एकही शब्द पुरवला नाही. तोंडाशी येत होते, गिळून टाकले. त्यांची मान ताणली जायची तेव्हा खाली बघायचं नाही असं ठरवलं, आणि त्यांच्याकडेच बघत राहिले. हे काही शौर्य नव्हे, माहीत आहे. तेवढंच करण्यासारखं उरलं होतं.

बोलून झाल्यावर ते दमून खुर्चीत मागे टेकले. मी खाली सांडलेलं पुसलं. मग म्हणाले, ‘भू… भूक लागलीये.’ मी सगळं पुन्हा गरम केलं. ते पोटभर जेवले. मला जेवण गेलं नाही.

माफ केलं असं ते म्हणालेले नाहीत. मीही विचारलं नाही. बगळा टीव्हीवर रोज येतोच आहे, आज खालच्या पोरांचा तोच खेळ चालू होता. बाबा खिडकीशी उभे राहून ऐकत होते. काउंटरवर परत बसायचं की मशीनवरच राहायचं, ते त्यांनी ठरवलेलं नाही. आज सकाळी मात्र भाजीवाल्याकडे स्वतः गेले आणि कोथिंबीर मागितली. मी जिन्यातून ऐकलं. भाजीवाला आधी हसला. मग त्याचं हसू मध्येच थांबलं, आणि तो थांबून राहिला. कोथिंबीर मिळाली.

आत्या, तुला एक विचारायचंय आणि रागावू नकोस. तू त्यांची वाक्यं पुरी करायचीस ती प्रेमानेच. मीही काल प्रेमानेच बोलले. आपल्या दोघींचं तेच चुकलं का? तू परत आलीस की आपण याच्यावर…

हे राहू दे. बाबा बाहेरच्या खोलीत येऊन समोर बसलेत आणि त्यांनी काहीतरी सांगायला घेतलंय. पेन खाली ठेवते.

रेघोटी